घाटातही चालवायची पोलो: ट्रॅकवरचे अंडरस्टिअर घालवण्यासाठी आधी काय बदलावे?

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. तीच गाडी मी बेळगावात रोज वापरतो आणि वर्षातून एक-दोनदा कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेतो. वळणात शिरताना ती स्टिअरिंगचे ऐकते. मात्र वळणाच्या मध्यावर, ब्रेक पूर्ण सुटल्यानंतर, पुढची चाके बाहेर सरकू लागतात (हेच अंडरस्टिअर) आणि त्यातच ॲक्सिलरेटर दाबला तर स्टिअरिंग आणखी वळवूनही उपयोग होत नाही. पाय उचलला की नाक पुन्हा आत येते. वळणे आणि ओढणे ही दोन्ही कामे पुढच्याच चाकांकडे असल्यावर थोडे असे होणारच, आणि थोडा दोष माझ्या घाईचाही असेल; पण पुढच्या टायरांची बाहेरची कड झिजून गेली आहे आणि आतली जवळजवळ नवी दिसते, तेव्हा सगळे खापर चालकावर फोडता येणार नाही.

सत्र संपताच इन्फ्रारेड गनने पाहिले, तर डाव्या पुढच्या टायरचे तापमान बाहेर ७९, मध्ये ७२ आणि आत ६४ अंश होते. ही गन केवळ पृष्ठभाग मोजते, त्यामुळे आकड्यांपेक्षा त्यांचा कल महत्त्वाचा मानावा. हवेचा दाब थंड असताना ३२ आणि गरम झाल्यावर ३८ पीएसआय होता. पुढचा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) दोन्ही बाजूंना उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. म्हणजे गाडी कलल्यावर बाहेरचे चाकही कलते आणि टायर कडेवर उभा राहतो, असे मला वाटते. म्हणून कॅम्बर प्लेट (हा कल बदलू देणारा भाग) बसवून तो उणे २ अंशांपर्यंत न्यावा, असा विचार आहे.

दुसरा उपाय मागच्या टॉर्शन बीमला (मागची दोन्ही चाके जोडणारी, पीळ खाणारी तुळई) जादा अँटी-रोल बार (गाडीचे कलणे कमी करणारी दांडी) जोडण्याचा. त्याने वजनाच्या बाजूबदलाचा मोठा वाटा मागे जाईल आणि पुढची पकड वाढेल, हे पटते. भीती वेगळीच आहे. हीच गाडी घेऊन मी पावसाळ्यात चोर्ला घाटाने गोव्याला जातो. ओल्या उताराच्या वळणावर समोर अचानक ट्रक दिसला आणि पाय उचलला, तर हाच बार मागची बाजू फिरवणार नाही ना?

एका मेस्त्रींनी स्प्रिंग कापण्याचा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही. मॅकफर्सन स्ट्रटची (पुढचा शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेली) गाडी फार खाली बसवली की खालचा आर्म उलटा कलतो, रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त उतरते, आणि कललेल्या गाडीला कॅम्बरही मिळत नाही. शिवाय आमच्याकडचे गतिरोधक आहेतच.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रोजच्या वापरात उणे २ अंशांनी टायरची आतली कड किती लवकर जाते, की टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण) शून्याच्या जवळ ठेवल्यास ते सुसह्य होते? मागचा बार सहज काढता-घालता येईल असा कोणी बसवला आहे का, म्हणजे जूनपूर्वी तो उतरवून ठेवता येईल? आणि त्याचे ब्रॅकेट व बुश (दांडी धरणारे अस्तर) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात करून घेतल्यास, बुशसाठी नायलॉन बरे की पॉलियुरेथेन?

दोन्ही बदल एकदम केले तर कशाचा गुण आला हे कळणार नाही, म्हणून पुढच्या खेपेला एकच करणार आहे. टायरची छायाचित्रे उद्या उजेडात काढून इथेच टाकतो.