मदत हवी आहे: गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग निघत नाहीये, आतल्या ऑइलमध्ये पाणी आहे

नमस्कार मंडळी. गिअरबॉक्सचं काम ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांच्याकडून सल्ला हवा आहे. काम अर्ध्यावर अडकलंय, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक स्टँडवर उभी आहे आणि बाबांना तपासणीसाठी परळला न्यायला तीच लागते.

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह. पावसाळ्यापासून दुसरा गिअर त्रास देतोय. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खर्र आवाज होतो, सकाळी गाडी काढल्या काढल्या जास्तच. बाकीचे गिअर विनातक्रार पडतात. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली तर खाली वाकून न बघताच "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" असं सांगितलं. आधी ऑइल बदलून बघायचं का, असं विचारलं तर म्हणे त्या ऑइलला काही होत नसतं.

मला ते पटलं नाही, कारण जुलैमध्ये मुंबईत हिंदमाताला गाडी पाण्यात सापडली होती. चाकं निम्म्याहून जास्त बुडाली होती. इंजिन बंद पडलं नाही म्हणून सगळे म्हणाले, थोडक्यात सुटलीस. पण गिअरबॉक्स इंजिनच्या बाजूला अगदी खालीच असतो. चालून तापलेला गिअरबॉक्स एकदम पाण्यात गेला की आतली हवा थंड होऊन आकसते, आणि ब्रीदरचं (हवा ये-जा करायच्या छिद्राचं) तोंड पाण्याखाली असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. अ‍ॅक्सलची (चाक फिरवणाऱ्या दांड्याची) ऑइल सील जुनी झाली असतील तर तिथूनही शिरतं. म्हणून ऑइल स्वतःच बदलायचं ठरवलं.

पहिली अडचण जमिनीची निघाली. ऑइलची पातळी बघायची तर गाडी चारी बाजूंनी सपाट हवी, फिलरच्या (ऑइल भरायच्या) भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की पातळी बरोबर. आमचं पार्किंग दिसायला सपाट आहे, पण पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेला आहे. फक्त पुढची बाजू उचलली तर पातळी चुकीची दिसणार. शेवटी गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, तिचं एक टोक पुढच्या दाराखाली आणि दुसरं मागच्या चाकाशी धरून चारी स्टँड एका पातळीत आणले. ज्यांना हे घरी करायचंय त्यांनी हा वेळ हिशेबात धरावाच.

मग फिलर प्लग. तो ड्रेन प्लगच्या, म्हणजे ऑइल खाली काढायच्या बुचाच्या, आधी उघडायचा असतो, कारण ऑइल सगळं काढून टाकलं आणि भरायचं भोकच उघडलं नाही तर गाडी जागची हलवता येत नाही. तो निघाला, आणि निघताच थोडं ऑइल बाहेर ओघळलं. म्हणजे पातळी हवी त्यापेक्षा वर होती. ऑइल आपोआप वाढत नाही. वाकवलेली तार आत घालून थोडं बाहेर काढलं तर रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा. खात्री करायला मोकळ्यावर जाऊन एका टाकाऊ तव्यावर दोन थेंब तापवले, तर तडतडले. पाणी आहे यात आता शंका नाही.

आता खरी अडचण. ड्रेन प्लग जागचा हलत नाही. आधी कधीतरी कुणीतरी चुकीचा पाना लावून त्याचं षटकोनी डोकं गोल करून ठेवलंय. प्लग लोखंडी, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, आणि आपल्या खाऱ्या हवेत दोन्हीच्या मध्ये पांढरी भुकटी धरलीय. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवलं. सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावली तर घसरते. पाइप लावून जोर वाढवता येईल, पण केसिंगचे आटे गेले तर काम गिअरबॉक्स उतरवण्यावरच जाईल, म्हणून थांबलेय.

पंपाने फिलरच्या भोकातून जमेल तेवढं ऑइल ओढून घ्यावं का? मला भीती अशी की गाडी उभी राहिली की पाणी तळाला बसतं आणि नेमकं तेच आत राहील. दुसरा मार्ग म्हणजे अ‍ॅक्सल बाहेर काढला की त्या भोकातून ऑइल निघतं, पण मग सील आणि सर्कलिप (दांडा जागी धरणारी कडी) नवीन घालावी लागेल. यातलं काय करू? की प्लगच्याच मागे लागू?

अजून एक. मॅन्युअलमध्ये ऑइलचा घट्टपणा ७५डब्ल्यू-८० आणि प्रकार जीएल-४ दिलाय. ऑपेरा हाऊसला दुकानदाराने जीएल-५ पुढे केलं, वरचा ग्रेड आहे म्हणाला. मी घेतलं नाही. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जास्तीची मात्रा गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना चांगली नाही असं वाचलंय. बरोबर आहे ना?

प्रतिसाद

ताई, जीएल-४ वरच राहा. ऑइल घेताना डब्यावर मागे छापलेलं नीट वाचा, काहींवर दोन्ही लिहिलेलं असतं.

अ‍ॅक्सलला आत्ता हात लावू नका. प्लगच काढायचा. पाइप लावला नाहीत हे चांगलं केलंत. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट एक्स्ट्रॅक्टरच्या गोट्या मिळतात, आतून उलट्या पेचाच्या असतात. ठोकून बसवली की गोल झालेल्या डोक्याला चावते आणि जितकं फिरवाल तितकी घट्ट बसते. त्याआधी केसिंग तापवा, प्लग नाही. हीट गन घ्या, ज्योत नको, आणि पेनिट्रेटिंग ऑइल आधी स्वच्छ पुसून काढा, ते पेट घेतं. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे पकड सुटते. प्लगच्या डोक्यावर हातोडीचे सरळ दोन-चार ठोके द्या, मग आधी किंचित घट्ट करून नंतर सोडा.

तरी नाही निघाला तर प्लगवर नट वेल्ड करून घ्यायचा. त्याच्या तापानेच बरेचदा सुटतो. पण ते वेल्डरकडे, बॅटरी काढून. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मुळीच नाही.

आणि एक तपासणी करून घ्या. गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तेव्हाही खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. रिव्हर्स शांत पडला आणि दुसराच कुरकुरतोय तर दुसऱ्याच्या सिंक्रोकडे बघायचं.

प्रतिसाद

निघालेलं ऑइल गटारात ओतू नका. पावसाच्या पाण्याची गटारं थेट खाडीत आणि समुद्रात जातात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून एखाद्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडे जुन्या ऑइलचा ड्रम असतो आणि तो पुनर्प्रक्रियेसाठी उचलला जातो.

धागाकर्ती

दादा, निघाला! नागदेवीहून गोटी आणली, केसिंग तापवलं, आणि घट्ट करण्याच्या बाजूला जरासा जोर दिल्यावर टक् असा आवाज झाला. तिथून पुढे हाताने सुटत गेला. आधी स्वच्छ पाण्याची बारीक धार आली, मागून ती कॉफी. म्हणजे पंपाने वरून ओढलं असतं तर पाणी आतच राहिलं असतं.

प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट होती, बोटांत चोळली तर टोचत नाही. पण उन्हात धरल्यावर ऑइलमध्ये बारीक सोनेरी कण चमकतात. आटे शाबूत आहेत. नवीन प्लग आणि कॉपर वॉशर लावून टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे बसवला. रिव्हर्स शांत पडतो. दुसऱ्याचा आवाज कमी झालाय, गेलेला नाही.

सोनेरी कण म्हणजे सिंक्रो गेलं असं समजू का? आणि हे ऑइल किती चालवू?

प्रतिसाद

ताई, राखाडी पेस्ट नेहमीची आहे. सोनेरी कण पितळेचे, म्हणजे सिंक्रो रिंग झिजलीय, पण बारीक चमक असेल आणि तुकडे नसतील तर घाबरू नका. दुसऱ्यावर येताना गाडी जराशी हळू करा, घाईने ओढू नका. वर्ष-दोन वर्षं निघतात अशी.

हे ऑइल धुण्यापुरतं समजा. शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा काढा, कारण कोपऱ्यांत पाणी राहतंच. तेव्हा निघालेलं ऑइल स्वच्छ असलं तर त्यानंतर भरलेलं नवीन ऑइल तसंच राहू द्या. पुन्हा पांढुरकं आलं आणि मधे पाण्यातून गाडी गेली नसेल, तर ते आधीचंच उरलेलं आहे, अजून एकदा बदला. अ‍ॅक्सलच्या सीलपाशी बाहेरून ऑइल ओलावलेलं दिसलं तर मात्र सील बदलायचं.

ब्रीदरवर नुसती टोपी आहे की नळी, तेही बघून ठेवा. टोपी असेल तर ती काढून ऑइल चालणारी रबरी नळी चढवता येते, टोक वर बॅटरीच्या उंचीला नेऊन खाली वाकवून बांधायचं. पुढच्या जूनच्या आत करून घ्या.