शब्दचर्चा : ‘पेनिसिलिन चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : मुंबईतील एका बालरोग विभागासाठी पालकांनी भरायची मराठी प्रश्नावली तयार करीत आहे. ‘मुलाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे का?’ यात ‘अ‍ॅलर्जी’ तसाच ठेवावा, ‘वावडे’ लिहावे, की पारिभाषिक ‘अधिहृषता’ घ्यावा?

प्रतिसाद १ : ‘अधिहृषता’ नको, आधी त्याचाच अर्थ समजावून सांगावा लागेल. ‘वावडे’ अस्सल आहे, परंतु त्यात न आवडणे, न पचणे आणि न सोसणे हे सारेच मावते. ‘अ‍ॅलर्जी’ सर्वांना कळतो, म्हणून तो राहू द्यावा. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये तो घडवला, तेव्हा त्याचाही अर्थ आजच्यापेक्षा बराच सैल होता. मला खरी अडचण क्रियापदांत दिसते. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्या आईला औषधाने गुण आला नाही असे सांगायचे असते, जुलाब झाले असे सांगायचे असते किंवा अंग सुजले असेही. ‘गरम पडले’ तर तोंड येण्यापासून पुरळापर्यंत कशालाही म्हणतात. सर्वांत फसवा शब्द ‘पित्त’. ‘पित्त झाले’ म्हणजे आंबट उलटी, आणि ‘अंगावर पित्त उठले’ म्हणजे खाजणाऱ्या गांधी. केसपेपरवर मात्र दोन्हींची नोंद ‘अ‍ॅलर्जी’ अशीच होण्याचा संभव असतो.

प्रतिसाद २ : बालरोग विभागात काम करीत असल्याने वरील मुद्द्याला जोड देतो. औषध घेतल्यावर तासाभरात गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, छातीत घरघर झाली, तर ती तत्काळ प्रकारची अ‍ॅलर्जी असू शकते, आणि अशा मुलाची त्वचाचाचणी व पुढील तपासणी तज्ज्ञांकडेच व्हावी. याउलट औषध सुरू होऊन काही दिवसांनी आलेले साधे लाल पुरळ पुष्कळदा मूळच्या विषाणूजन्य आजाराचेच असते. त्या मुलांना त्वचाचाचणी न करताही डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडावाटे अ‍ॅमॉक्सिसिलिनचा (हे पेनिसिलिन गटातलेच औषध) डोस देऊन पाहता येतो. हा प्रयोग घरी करू नये. फोड आले, त्वचा सोलवटली, तोंडात वा डोळ्यांत जखमा झाल्या असतील, तर ते औषध पुन्हा द्यायचे नाही, चाचणीपुरतेही नाही. नुसते जुलाब ही अ‍ॅलर्जी नव्हे.

ज्यांच्या नावापुढे ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ हा शिक्का आहे त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जण तपासणीअंती पेनिसिलिन सहज सोसतात. शिक्का तसाच राहिला, की साध्या घशाच्या संसर्गालाही अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी औषधे दिली जातात, ज्यांना जंतू अनेकदा दाद देत नाहीत. ‘पेनिसिलिन नाही, म्हणजे सेफॅलोस्पोरिनही (पेनिसिलिनशी रचनेने मिळताजुळता प्रतिजैविकांचा गट) नाही’ हा समजही फार ताणलेला आहे. दोहोंची अ‍ॅलर्जी एकत्र आढळण्याचे प्रमाण सुमारे २ टक्के असून ते रेणूच्या पार्श्वशृंखलेवर, म्हणजे मूळ गाभ्याला जोडलेल्या बाजूच्या साखळीवर अवलंबून असते: सेफॅलेक्सिन या सेफॅलोस्पोरिनची पार्श्वशृंखला पेनिसिलिन गटातील अ‍ॅम्पिसिलिनसारखी आहे, सेफाझोलिन या दुसऱ्याची अगदी वेगळी. त्यामुळे तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्या मुलासाठी सेफॅलोस्पोरिन निवडताना नाव पाहूनच निवडावे लागते.

प्रतिसाद ३ : ‘आमच्या घराण्यात पेनिसिलिन चालत नाही’ हे वाक्यही प्रश्नावलीला ठाऊक असावे. वडिलांना त्रास झाला होता एवढ्यावरून मुलाचे औषध बंद करण्याचे कारण नाही, म्हणून ‘स्वतः मुलाला’ असे स्पष्ट लिहावे. (‘पुरळ उठले’ आणि ‘पुरळ उठली’ दोन्ही कानावर येते, त्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे.)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मूळ प्रश्न काढून असा मजकूर योजला आहे: ‘स्वतः मुलाला कोणत्या औषधानंतर त्रास झाला? तेव्हा वय किती होते? डोस घेतल्यापासून किती वेळाने किंवा कितव्या दिवशी? अंगावर, तोंडात, श्वासात काय दिसले? दवाखान्यात न्यावे लागले का? तेच औषध पुढे कधी दिले गेले का?’ ‘पित्त’ हा शब्द कुठेही ठेवलेला नाही. गांधींसाठी ‘खाजणारे, उंचावलेले चट्टे’ असे लिहिले आहे.