गाजर गवताचा अर्क मारला, मावा गेला पण वांग्याची रोपं खुरटली

वांगीवाला_शिरूर:
नमस्कार मंडळी, बांधावर गाजर गवत माजलंय, गुरं तोंड लावत नाहीत, कीडही दिसत नाही, म्हटलं ह्याचाच अर्क करून बघू. फुलासकट ठेचलं, दोन दिवस भिजवलं, गाळून वांग्याच्या रोपांवर मारलं. मावा बराच कमी झाला पण रोपं बोटभर होऊन थांबलीत, पानांच्या कडा करपल्यात, आणि उरलेलं पाणी जिथं ओतलं त्या वाफ्यातली कोथिंबीर अर्धीच उगवली. हाताला पण खाज सुटलीय. एकाच अर्काने कीड पण पळते आणि रोप पण थांबतं, असं कसं?

रानवेडी:
दादा, आधी हात साबणाने धुवा आणि खाज थांबली नाही तर डॉक्टरला दाखवा, ह्या गवताची अॅलर्जी वाईट असते. त्यात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं, पानाफुलांवरच्या बारीक लवेत जास्त. ते किड्याला खाऊ देत नाही आणि दुसऱ्याचं बी रुजू देत नाही, मुळं खुंटवतं. म्हणूनच तर 1955 च्या सुमारास पुण्यात दिसलेलं हे गवत देशभर पसरलं. बाकी कीड लागतच नाही असं नाही हं, हे गवत खाऊन आटोक्यात ठेवावं म्हणून 1984 साली सोडलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात ह्याची पानं चाळणी करतो.

जुना_बागायतदार:
फवारायचंच असेल तर निंबोळी घ्या. 5 किलो वाळल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबणाचं पाणी घालून 100 लिटर करायचं, झाला 5 टक्के अर्क. त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, उन्हात लवकर विरतं म्हणून संध्याकाळी मारा. कीड लगेच मरून पडत नाही, खाणं सोडते, कात टाकताना अडकते, तेवढा धीर धरावा लागतो. आणि कडुनिंब झाला तरी कोवळ्या रोपाला तेल जास्त झालं की पान जळतंच, आधी दहा रोपांवर मारून तीन दिवस बघा.

वांगीवाला_शिरूर:
खूप आभार दोघांचे. कोथिंबीर दुसऱ्या वाफ्यात टाकली, दहा रोपांवर निंबोळी मारलीय. गवत हातमोजे घालून उपटतोय, फुलावर न आलेलं तेवढं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलं तर चालेल ना?

रानवेडी:
चालेल, पण पूर्ण कुजू द्या, कच्चं रोपांना घालू नका.