वर्तुळाच्या सिद्धता तुम्हाला कशा जमल्या? अनुभव लिहा

दहावीच्या भूमितीत समरूपता, पायथागोरस इथपर्यंत मुलं बरी चालतात आणि तिसऱ्या प्रकरणात, वर्तुळापाशी, अडखळतात. उदाहरणं सुटतात, पण 'सिद्ध करा' दिसलं की पेन थांबतं. दोन तासांत 40 गुणांचा पेपर, तेव्हा थांबून चालत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना जमलं त्यांनी, ज्यांना अजून जमत नाही त्यांनीही लिहा. फक्त 'सराव करा' एवढंच नको, नेमकं काय केलंत ते हवं.

मी गिरगावात शेजारच्या मुलांची भूमिती घेते. मुलांना मी कोनाआधी कंस बघायला लावते. आंतरलिखित कोन (शिरोबिंदू वर्तुळावर, भुजा वर्तुळाला छेदणाऱ्या) दिसला की विचारायचं, हा कोणता कंस अंतर्खंडित करतो, म्हणजे भुजांच्या मध्ये पकडतो? त्या कंसावर पेन्सिल फिरवायची. कोनाचं माप त्या कंसाच्या मापाच्या निम्मं, एवढं पक्कं असलं की बाकीचं आपोआप येतं. एकाच कंसाचे कोन समान. अर्धवर्तुळाचा कंस 180 अंशांचा, म्हणून त्यातला कोन काटकोन. चक्रीय चौकोनाचे (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर) संमुख कोन मिळून अख्खं वर्तुळ घेतात, 360 अंश, म्हणून त्यांची बेरीज 180. मुलं ही वेगवेगळी प्रमेयं म्हणून पाठ करतात, तिथेच गोंधळ होतो.

मुलुंड, यंदा अकरावी
काकू, मला रचना, म्हणजे आकृतीत कोणती जास्तीची रेषा काढायची ते, सुचायची नाही. दोन वर्तुळं अ आणि ब मध्ये छेदतात. अ मधून जाणारी रेषा वर्तुळांना प आणि क मध्ये, ब मधून जाणारी र आणि स मध्ये छेदते. रेख पर आणि रेख कस समांतर आहेत हे दाखवायचं. आमच्या ताईंनी विचारलं, "दोन्ही वर्तुळांत असलेलं काय आहे?" सामाईक जीवा अब! ती जोडली की दोन चक्रीय चौकोन तयार. पहिल्यात कोन रपअ हा बाह्यकोन अबस एवढा. दुसऱ्यात कोन अबस आणि कोन अकस यांची बेरीज 180. म्हणजे छेदिका पक च्या एका बाजूचे आंतरकोन मिळून 180, रेषा समांतर. तेव्हापासून दोन वर्तुळं छेदताना दिसली की आधी सामाईक जीवा, स्पर्श करताना दिसली की सामाईक स्पर्शिका काढून बघते.

परळ, रात्रशाळा
मी दिवसा कुरियरचं काम करतो. वही उघडायला वेळ मिळतो तो लोकलमध्ये, तोही बसायला जागा मिळाली तर. म्हणून आकृती डोक्यात धरून कारणं पुटपुटत जातो. त्रिकोणाच्या शिरोलंबांचं उदाहरण असं सुटलं. पायाच्या टोकांतून काढलेले दोन शिरोलंब समोरच्या बाजूंना जिथे मिळतात ते दोन पाद आणि पायाची दोन टोकं एकाच वर्तुळावर का, तर पायाच्या एकाच बाजूला दोन काटकोन, दोन्ही त्याच पायावर उभे. आकृतीत वर्तुळ काढलेलंच नसतं, ते आपण शोधायचं. हे कळलं त्या दिवशी मी खूश होतो.

बोरिवली, दहावीतल्या मुलाची आई
माझा मुलगा आकृती इतकी लहान काढतो की अक्षरंच मावत नाहीत. अर्धं पान द्यायला सांगितलं, फरक दिसला.

घाटकोपर, माध्यमिक शिक्षक
पेपर तपासणाऱ्याच्या बाजूने लिहितो. पक्ष (दिलेलं), साध्य (सिद्ध करायचं ते), आकृती, लागली तर रचना, मग सिद्धता. गुण पायऱ्यांना असतात, म्हणून शेवट जमला नाही तरी येतं तिथपर्यंत लिहा. प्रत्येक विधानापुढे कंसात कारण हवं, आणि ते नेमकं हवं. 'प्रमेयानुसार' म्हणजे कोणतं प्रमेय? 'एकाच कंसात आंतरलिखित केलेले कोन' असं लिहा. 'आकृतीवरून' हे कारण नाहीच. आकृतीत काटकोन वाटतो, पक्षात तो नसतो, आणि पोरं तो धरून पुढे जातात. हे बघून फार वाईट वाटतं, कारण बाकीची बुद्धी तिथे असते.

दुसरं, समरूप त्रिकोणांच्या शिरोबिंदूंचा क्रम. वर्तुळाबाहेरचा बिंदू प, वर्तुळाला ट मध्ये टेकणारी स्पर्शिका पट, वर्तुळाला अ आणि ब मध्ये छेदणारी रेषा पअब. सामाईक कोन प, आणि कोन पटअ = कोन पबट, दोन्ही कंस टअ च्या निम्मे. को-को कसोटीने (दोन कोन समान) त्रिकोण पटअ आणि पबट समरूप. हा क्रम बरोबर लिहिला तर गुणोत्तर न बघता उतरतं: पट/पब = पअ/पट, म्हणून पट चा वर्ग = पअ × पब. क्रम चुकला की पुढचं सगळं गडबडतं.

मुलुंड, यंदा अकरावी
सर, आंतरलिखित कोनाच्या प्रमेयात केंद्र कोनाच्या बाहेर असेल ती सिद्धता आमच्या वर्गात घाईत झाली. माझ्या धाकट्या भावाला कशी सांगू?

दादर, निवृत्त शिक्षिका
बाळा, मी सांगते. आधी केंद्र कोनाच्या भुजेवर घे. दोन त्रिज्यांमुळे समद्विभुज त्रिकोण होतो, त्याचा बाह्यकोन म्हणजेच केंद्रीय कोन (त्याच कंसाचा, केंद्रापाशी असलेला; त्याचं माप तेच कंसाचं माप), आंतरलिखित कोनाच्या दुप्पट. इथे प्रमेयाचा पहिला प्रकार सिद्ध झाला. आता केंद्र आत असेल तर शिरोबिंदूतून व्यास काढायचा, दोन तुकडे पडतात, दोघांना पहिला प्रकार लावून बेरीज. बाहेर असेल तरी तोच व्यास, फक्त मोठ्या कोनातून छोटा वजा. भावाला तिन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढायला लाव, आणि तिसरीत वजा होणारा कोन वेगळ्या रंगाने भरायला सांग.