बाकेनेको, नेकोमाता आणि जिन्न: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जपानी आणि उर्दू कथांमधल्या अद्भुत मांजरांच्या गोष्टी मुलांसाठी मराठीत आणते आहे. 'बाकेनेको'साठी 'भूतमांजर' असा शब्द योजला, पण वाचून दाखवताना मुलं विचारतात, "ते मांजर मेलं कधी?" दुसरा शब्द सुचवाल का? उर्दू गोष्टींतही तोच चालेल का?

उत्तर: ताई, मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मराठीत भूत व्हायला आधी मरावं लागतं. बाकेनेको मरत नाही, ते म्हातारं होतं. 'बाकेरु' म्हणजे रूप पालटणं आणि 'नेको' म्हणजे मांजर. घरात फार वर्षं राहिलेल्या मांजराला ही शक्ती येते, असा जपानी समज आहे. 1330च्या सुमारास योशिदा केन्को या जपानी भिक्षू-लेखकानं 'त्सुरेझुरेगुसा' या पुस्तकात लिहिलंय की डोंगरात नेकोमाता (बाकेनेकोच्याच जातकुळीतलं) नावाचं माणसं खाणारं जनावर आहे असं कुणी सांगतं, तर दुसरा म्हणतो, डोंगरात कशाला, इथली मांजरंही वयानं नेकोमाता होतात. ते ऐकून घाबरलेला एक भिक्षू रात्री घरी येताना अंगावर झेपावलेल्या प्राण्याला नेकोमाता समजून ओढ्यात पडतो. तो त्याचाच कुत्रा असतो, धन्याला ओळखून धावत आलेला. ही गोष्ट तुमच्या संग्रहात जरूर घ्या.

वयामुळे शक्ती येणं हे आपल्याला परकं नाही. शंभर वर्षं जगलेला नाग हवं ते रूप घेतो, हे आपण ऐकत आलोय, आणि त्याला शब्दही आहे: इच्छाधारी. माझ्या मते बाकेनेको म्हणजे 'इच्छाधारी मांजर'. 'मायावी' इथे सैल पडतो, कारण त्यात म्हातारपण येत नाही.

शंका: पण 'इच्छाधारी' म्हटलं की सिनेमातली सूड घेणारी नागीण आठवते. तो रंग मांजराला का लावायचा?

उत्तर: तो रंग मुळातच आहे. सागा प्रांतातल्या नाबेशिमा घराण्याची गोष्ट घ्या. गो हा पटावरचा खेळ खेळताना घराण्याचा धनी रागावून एका सरदाराला ठार मारतो. त्या सरदाराची आई आपलं दुःख घरच्या मांजरापाशी बोलते आणि जीव देते. मांजर तिचं रक्त चाटतं, रूप पालटतं आणि नाबेशिमांच्या वाड्यात शिरून रोज रात्री धन्याला छळतं. सूड आहे, रूपबदल आहे, माणसावरची माया आहे. मला तर ही माया सुडाहूनही महत्त्वाची वाटते.

दिव्याचा तपशीलही गाळू नका. जुन्या जपानात स्वस्त दिव्यांत माशाचं तेल जाळत. मांजर मागच्या पायांवर उभं राहून ते चाटायचं आणि कागदी पडद्यावर त्याची माणसासारखी सावली पडायची. दोन पायांवर चालणाऱ्या मांजराच्या समजुतीमागे हे असावं, असं सांगितलं जातं. चित्रकार तोरियामा सेकिएननं 1776च्या चित्रसंग्रहात नेकोमाता काढली आहे तीही दोन पायांवर, डोक्यावर फडकं घेतलेली.

उर्दूचं मात्र वेगळं आहे. तिथे मांजर स्वतः बदलत नाही. लोकसमजुतीत जिन्न मांजराच्या, विशेषतः काळ्या मांजराच्या रूपात येतो. दास्तानांत, म्हणजे उर्दूतल्या लांबलचक अद्भुत कथांत, जादूगार प्राण्यांची रूपं घेतात. म्हणजे मूळ कुणी वेगळाच, मांजर हा फक्त वेश. तिथे 'मांजराच्या रूपातला जिन्न' असं सरळ लिहावं. 'इच्छाधारी मांजर' लिहिलंत तर गोष्टच उलटी होईल.

आणि 'गुलबकावली' या उर्दू कथेतली मांजर तर मुळीच अद्भुत नाही, तरी ती तुमच्या संग्रहात हवीच. दिलबर नावाची गणिका राजपुत्रांशी सोंगट्या खेळते. दिवा मांजरीच्या डोक्यावर ठेवलेला असतो. दान उलटं पडलं की मांजर डोकं हलवते, फाशांवर सावली पडते आणि अंधारात लपलेला उंदीर फासा फिरवतो. कथेचा नायक राजपुत्र ताजुल्मुलूक मुंगूस पाळून त्या दोघांना पळवतो. निहालचंद लाहोरींचं गद्य आणि दयाशंकर नसीम यांची मसनवी (दीर्घ कथाकाव्य) 'गुलजार-ए-नसीम', दोन्हींत ही कथा आहे. एकीकडे मांजर दिव्याचं तेल पितं, दुसरीकडे दिवा डोक्यावर घेतं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, मुलांना फार आवडतील.

प्रश्न: 'इच्छाधारी' घेतला! मग नेकोमातासाठी? आणि लिंगाचं काय करू?

उत्तर: नेकोमाताची शेपटी दुभंगलेली असते, म्हणून 'दुशेपटी मांजर'. 'दुतोंडी' आपण म्हणतोच, त्यामुळे मुलं अडखळणार नाहीत. लिंग म्हणाल, तर मांजर आहे तोवर 'ते' ठेवा. बऱ्याच गोष्टींत ते घरातल्या म्हातारीला खाऊन तिचं रूप घेतं. तिथे वाक्याच्या मध्येच लिंग बदला: "मांजर उठलं, आणि म्हातारी दाराकडे चालू लागली." जपानीत नामाला लिंग नाही, त्यामुळे ही सोय फक्त तुमच्या मराठीत आहे.