प्रथिनांवरचे नाजूक बदल: खूण लावून पकडलेला पुरावा धरायचा का?

कोवॅलंट: मत मांडतो, मग तुटून पडा. प्रथिनांच्या सिस्टीनवर (सल्फर असलेलं अमिनो आम्ल) नायट्रोसो गट (NO) 'सापडला' असं छापून येतं, तेव्हा पुष्कळदा तो गट कुणी पाहिलेलाच नसतो. 2001 ची जॅफ्री आणि स्नायडर यांची बायोटिन-स्विच पद्धत घ्या. मोकळे थायॉल (सिस्टीनचे सल्फर-हायड्रोजन गट) आधी बंद करायचे, अ‍ॅस्कॉर्बेटने नायट्रोसो काढायचा, उघड्या पडलेल्या सल्फरवर खूण म्हणून बायोटिन चढवायचं. ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं पटल) दिसतं ते बायोटिन! एखादा थायॉल बंद व्हायचा राहिला तरी पट्टी उमटतेच. बदलासकट पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राच्या आलेखात, दिसेपर्यंत मी तरी मानणार नाही.

बफरबाबा: सपशेल असहमत. या न्यायाने फॉस्फोहिस्टिडिन (हिस्टिडिन या अमिनो आम्लावर बसलेला फॉस्फेट) जवळजवळ नव्हतंच म्हणायचं. त्याचा फॉस्फरस-नायट्रोजन बंध आम्लात टिकत नाही, आणि फॉस्फोपेप्टाइड वेगळे करायची नेहमीची रीत बघा: टायटॅनियम डायऑक्साइडवर बांधायचे ते आम्लात, पुढच्या कॉलमचा द्रावही आम्लाचा. 1962 पासून माहीत असलेला बदल इतकी वर्षं मागे पडला, त्यात याचा मोठा वाटा आहे. दिसला नाही म्हणता, पण धुऊन कुणी टाकला?

कोवॅलंट: मग आम्ल टाळा की. थंड ठेवा, पीएच चढा ठेवा. यंत्रात पेप्टाइडचे तुकडे करायला सीआयडीऐवजी (वायूच्या रेणूंवर आदळून तोडणं) ईटीडी (इलेक्ट्रॉन देऊन तोडणं) वापरा, 2004 पासून उपलब्ध आहे. सीआयडीत सर्वांत कमकुवत बंध आधी सुटतो, ईटीडीत कणा तुटतो आणि बाजूचा गट बहुधा जागेवर राहतो.

तिसरी_पट्टी: ईटीडीला भरपूर धन प्रभार लागतो. दोनच प्रभार असलेल्या पेप्टाइडवर निकाल यथातथाच. शिवाय सीआयडीत फॉस्फेट एका पेप्टाइडवरून दुसऱ्यावर गेल्याचंही दाखवलं गेलंय. म्हणजे यंत्रसुद्धा साक्ष फिरवतं.

बफरबाबा: मुख्य मुद्दा राहतोय. सल्फेनिक आम्ल घ्या, म्हणजे सिस्टीनच्या सल्फरचं ऑक्सिडीकरण होऊन झालेला बदल. पेशी फोडली की हवेतल्या ऑक्सिजनने सिस्टीनचं ऑक्सिडीकरण होऊ शकतं. तुमच्या थेट स्पेक्ट्रममध्ये जे दिसेल ते पेशीतलं की नळीतलं? डायमेडोनच्या (सल्फेनिक आम्लाला चिकटणारं रसायन) जातीचा, पेशीत शिरणारा प्रोब (खूण लावणारा रेणू) जिवंत पेशीतच बदलाला पकडतो आणि पक्का बंध करतो. म्हणजे खूण इथे मूळ बदलापेक्षा जास्त भरवशाची.

कोवॅलंट: डायमेडोन सुस्त आहे हो. क्षणभर टिकणारं सल्फेनिक आम्ल त्याच्या हाती लागण्याआधी शेजारच्या थायॉलशी जुळून डायसल्फाइड (दोन सल्फरमधला बंध) होतं. जास्त टिकतात तेवढेच सापडतात, आणि मग तेच महत्त्वाचे ठरतात.

बफरबाबा: हे खरं. संख्या सांगायला तो कच्चा आहे, हजेरी सांगायला नाही. बायोटिन-स्विचचंही तसंच. अ‍ॅस्कॉर्बेट न घातलेली लेन (ब्लॉटवरचा एका नमुन्याचा रकाना) आणि आधी अतिनील प्रकाशाने नायट्रोसो तोडलेली लेन, दोन्ही शेजारी दाखवल्या तर तुमचा आक्षेप कुठे उरतो?

कोवॅलंट: दाखवल्या तर. नुसत्या एका लेनवरचे निष्कर्ष तुम्हीही मानू नका, मग पुढचं बोलू.