अनुभव धागा: फिनिक्सचे मॉल, गिरणीच्या आवारापासून आठ शहरांपर्यंत

निमंत्रण

लोअर परळच्या सेनापती बापट मार्गावरील फिनिक्स मिलची कंपनी 1905 साली कापड विणण्यासाठी स्थापन झाली. आज तीच कंपनी मुंबई, पुणे, बेंगळुरू, चेन्नई, लखनौ, बरेली, इंदूर आणि अहमदाबाद या आठ शहरांत मॉल चालवते. या मॉलमध्ये काय स्वस्त मिळते याची चर्चा येथे नको. ज्यांनी तेथे गाळा घेतला, काउंटरमागे काम केले किंवा शेजारी राहून बदल पाहिला, त्यांनी सविस्तर लिहावे. दुकानाविषयी तक्रार असल्यास नाव न घेता लिहावी, ही विनंती.

डिलाईल रोड, मुंबई

माझे वडील फिनिक्समध्ये नव्हते; त्याच भागातील दुसऱ्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप औपचारिकरीत्या मागे घेतला गेलाच नाही. त्यामुळे आमच्या चाळीत तो प्रत्येक घरात वेगवेगळ्या दिवशी संपला: कोणी कोकणात गावी परतले, कोणी पहारेकरी झाले, कोणाच्या घरी बायकोने खानावळ सुरू केली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिनिक्सच्या आवारात बोलिंग सुरू झाले, तेव्हा आमच्या मजल्यावर पहिला प्रश्न निघाला तो आत जायला पैसे पडतात का, हा. चाळीतल्या बायका खऱ्या अर्थाने आत गेल्या त्या बिग बझारमुळे, कारण तेथे तूरडाळ, बादल्या आणि चादरी मिळत होत्या आणि कोणी ‘काय हवंय?’ म्हणून अंगावर येत नव्हते. 2009 मध्ये महागड्या ब्रँडांचे पॅलेडियम उघडले आणि मग एकाच आवारात दोन प्रकारची माणसे दोन वेगळ्या दारांनी जाऊ लागली. तसा नियम कोणी केला नव्हता, आपल्याला कोणते दार हे ज्याचे त्याला कळत होते.

बाबांना मी एकदा आग्रहाने तेथील एका कपड्यांच्या दुकानात नेले. त्यांनी किंमत पाहिलीच नाही. शर्ट उलटा करून आतली शिवण पाहिली, कापड उजेडासमोर धरले, उभा आणि आडवा धागा अंगठ्याने चाचपला आणि विक्रेत्याला विचारले, “हे किती नंबरच्या सुताचं?” तो मुलगा म्हणाला, “काका, हंड्रेड पर्सेंट कॉटन आहे.” मग बाबांनी त्याला नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, हे समजावून सांगितले आणि त्यानेही ते मन लावून ऐकले. शर्ट आम्ही घेतला नाही.

आवारातली जुनी चिमणी अजून उभी आहे आणि लोक तिच्यासमोर छायाचित्रे काढतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा आक्षेप सगळ्याच गिरण्यांच्या जमिनींबाबतच्या धोरणावर आहे. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या कलम 58 प्रमाणे जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला जायचा होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी गिरणीतल्या केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती राहिली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मॉलवर बोलताना हे वजाबाकीचे गणित विसरले जाते.

पुणे, गाळेधारक

माझे तयार कपड्यांचे दुकान विमाननगरच्या फिनिक्स मार्केटसिटीत होते. त्याआधी शहरातल्याच दुसऱ्या एका मॉलमध्ये होते, ज्याचे नाव घेत नाही. दोन्हींतला फरक सांगितला तर काही मॉल का चालतात आणि काही का ओस पडतात, हे कोडे पुष्कळसे सुटेल.

त्या पहिल्या मॉलच्या विकासकाने गाळे सुटे सुटे विकून टाकले होते. मालक अनेक, त्यांतले बरेच परगावचे, आणि कोणाला भाडेकरू कसा हवा यावर एकमत नाही. माझ्या शेजारी कधी मोबाइलची कव्हरे, कधी विम्याचे कार्यालय, तर कधी नुसते खाली ओढलेले शटर. सरकता जिना बंद पडला की दुरुस्तीची वर्गणी गोळा होईपर्यंत वरच्या मजल्याची दुकाने उपाशी. देशात ओस पडलेल्या बऱ्याच मॉलांची कथा अशीच आहे. फिनिक्ससारख्या कंपन्या गाळे विकत नाहीत, भाड्याने देतात. म्हणून कोणत्या मजल्यावर कोणते दुकान, सिनेमागृह कुठे आणि खाण्याचा मजला कुठे, हे एकच डोके ठरवते. सिनेमा आणि जेवण वरच्या मजल्यांवर ठेवण्याची पद्धत उगीच पडलेली नाही: माणूस वर चढताना आणि उतरताना आमच्या दारावरून गेला पाहिजे.

भाड्याची रीत मात्र नवख्याला चक्रावून टाकते. सर्वसाधारणपणे एक किमान हमी भाडे असते आणि विक्रीतला ठरावीक टक्का असतो. दोन्हींत जे जास्त, ते भरायचे. त्यासाठी रोजच्या विक्रीचा आकडा मॉलकडे जातो. म्हणजे माझा धंदा कसा चालला आहे हे माझ्या बायकोआधी घरमालकाला कळते! त्यावर सामायिक देखभालीचा खर्च वेगळा, ज्याला सगळे ‘कॅम’ म्हणतात, आणि भाड्यावर 18 टक्के जीएसटी. सजावटीचा खर्च आपला, आणि करारातील बंदिस्त (लॉक-इन) मुदतीआधी निघायचे झाले तर उरलेल्या महिन्यांचे भाडे भरण्याची तयारी हवी.

याच टक्क्याच्या पद्धतीचा उलटा फायदा मला टाळेबंदीत समजला. मार्च 2020 मध्ये मॉल बंद झाले आणि राज्यात ते 5 ऑगस्टपासून उघडले, पण सिनेमागृहे आणि बसून खाण्याची सोय वगळून. गर्दी आणणारी दोन्ही इंजिने बंद असताना नुसती दुकाने उघडून काय होणार? त्या काळात वाटाघाटी झाल्या आणि काही महिने भाडे विक्रीच्या टक्क्यावर आले. घरमालकाचे उत्पन्न दुकानदाराच्या विक्रीशी बांधलेले असले की त्यालाही दुकान जगवण्यात रस असतो, एवढे मी अनुभवाने म्हणेन.

पुणे, विक्रेती

वरच्या दादांनी धंद्याची बाजू मांडली, मी उभे राहण्याची मांडते. मी ज्या दुकानात होते ते मोठ्या साखळीचे होते आणि तेथे बसायला स्टूल नव्हते. कर्मचाऱ्यांचे दार मागच्या बाजूला, तेथे पिशवीची तपासणी, मग रंगाचे पोपडे उडालेली लांबलचक मार्गिका, आणि एक दार ढकलले की एकदम संगमरवर, अत्तराचा वास आणि गारवा. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या सुजल्या, तेव्हा जुन्या मुलींनी युक्ती शिकवली: ट्रायल रूममध्ये कपडे घडी घालायला जायचे आणि वाकून घड्या घालताना एक पाय मोकळा करायचा.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात मी नोकरीत असताना दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुटी होती, आणि रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षित प्रवासाची सोय लागते. हे मला नोकरी सोडल्यावर कळले. सेलच्या दिवसांत आमची पाळी साडेनऊला संपली असे कागदावर असायचे. त्यानंतर हिशेब जुळवणे आणि विस्कटलेले कपडे पुन्हा लावणे कोणत्याच कागदावर नसायचे.

तरीही मी हे सांगेन की त्या नोकरीने मला अनोळखी माणसाशी न घाबरता बोलायला शिकवले आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार खात्यात आला. आमच्या वस्तीजवळच्या छोट्या दुकानांत असे घडत नव्हते.

चेन्नई

ताई, आपल्या स्टुलाच्या मुद्द्यावर एक भर. तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. केरळने त्याआधी 2018 मध्ये केले होते. मी वेलाचेरीच्या फिनिक्समध्ये नेहमी जातो. काही दुकानांत स्टुले दिसतात, मात्र त्यांवर बसलेले माणूस क्वचितच दिसते.

लखनौ

बदलीनिमित्त येथे आलो आणि जुलै 2020 मध्ये, साथ ऐन भरात असताना, गोमतीनगर विस्तारातील फिनिक्सचे पॅलासिओ उघडले. दारात तापमापक आणि आत प्रशस्त रिकामे चौक, असे त्याचे पहिले रूप मी पाहिले. लखनौकरांना हजरतगंजमध्ये निरुद्देश भटकण्याची, म्हणजे ‘गंजिंग’ची, पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे, साथ ओसरल्यावर तीच चाल त्यांनी या वातानुकूलित चौकांत आणली.

इंदूर

आमच्याकडे 2022 च्या डिसेंबरात फिनिक्सचे सिटाडेल सुरू झाले, तेही शहराबाहेर बायपासजवळ. राजवाड्याच्या परिसरात राहणाऱ्या आमच्या मराठी कुटुंबांसाठी ती मुद्दाम गाडी काढून करायची फेरी आहे. साड्या अजून सीतलामाता बाजारातून आणि रात्रीचे खाणे सराफ्यात. मॉल सिनेमासाठी आणि उन्हाळ्यातल्या दुपारींसाठी.

ठाणे, एक प्रश्न

माझी बहीण घरगुती मसाले आणि थालीपिठाची भाजणी करते. एवढ्या मोठ्या मॉलमध्ये अशा लहान उद्योगाला जागा मिळू शकते का? पुण्याच्या गाळेधारकांनी कृपया सांगावे.

पुणे, गाळेधारक (उत्तर)

थेट गाळ्याचा विचार करू नये. मधल्या मोकळ्या जागेत जे किऑस्क दिसतात ते बहुधा अल्प मुदतीच्या परवान्यावर असतात आणि सणासुदीला काही दिवसांची प्रदर्शनेही भरतात. तेथून सुरुवात करावी. भाव विचारताना भाड्यात वीज आणि देखभाल धरली आहे का आणि अनामत किती दिवसांत परत मिळते, हे लेखी घ्यावे. अन्नपदार्थ असल्याने एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आणि पाकिटावर वजन, तारीख व घटक छापलेले असणे आवश्यक आहे. शुक्रवार ते रविवार मिळत असतील तरच घ्यावे. सोमवार ते गुरुवारचे स्वस्त भाडे हे सर्वांत महाग पडते. भाजणी दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नेली तर उत्तम, पण त्यासाठी जागेची बोलणी पावसाळ्यातच उरकायला हवीत.